कूट

आईनं बांधून दिलेली दाण्याची चटणी
मी आल्या दिवशीच कपाटात कुलपाआड ठेवली.
स्वयंपाकघराच्या दारावर लाल अक्षरांत कागद:
या घरात शेंगदाणा आणू नये. फर्गसला चालत नाही.

चालत नाही म्हणजे आमच्याकडे वार असतो,
व्रत असतं, फार तर सासूबाईंचा शब्द.
इथे चालत नाही म्हणजे घसा मिटतो.
फ्रीजवर निळ्या टोपणाचं इंजेक्शन
आणि खाली त्याच्याच अक्षरात:
मांडीत टोचा. घाबरू नका.

डंडीत सप्टेंबरातच हाडं वाजायला लागली.
मी अकलूजची, कशालाच नाही म्हणायचं नाही
असं विमानात ठरवून आलेली.
मटन पाय खाल्ला, चरबी मनगटापर्यंत.
ब्रायडी खाल्ली, आमच्या करंजीची दांडगट मावसबहीण,
आत कांदा आणि खिमा, मुरड मात्र तशीच.
हॅगिस पहिल्यांदा डोळे मिटून,
दुसऱ्यांदा उघडे ठेवून,
तिसऱ्यांदा मागून. वजडीच ती,
फक्त शिक्षण इकडे झालेलं.

एबिएरेनं जोलॉफ केला तेव्हा
तळाची खरवड आधी मला वाढली.
खरवड पाहुण्याला द्यायची असते
हे मला ठाऊक नव्हतं. आमच्यात ती
भांडं घासणारीच्या वाट्याला.

यू-चेन ताइनानची. माझा साबुदाणा बघून हसली,
आमच्याकडे हे चहात पडतात, म्हणाली.
तिनं वाफेचे पाव केले, मधे मांसाचे मऊ काप,
आंबवलेली मोहरीची पानं, कोथिंबीर.
सगळे बोटं चाटत होते.
ती एकटीच पाव उघडून आत बघत राहिली,
एखादा माणूस यायचा राहिलाय तशी.

एका शनिवारी रात्री माझ्या दारावर टकटक.
"तुझ्याकडे आहे," ती म्हणाली, नाक वर करून,
आणि कोटाच्या खिशातून स्वतःची पुडी काढली:
भाजलेल्या दाण्याचं कूट, साखर घातलेलं.

मग आमचा बाक ठरला, टे नदीच्या काठी,
रेल्वेच्या लांब पुलाकडे तोंड करून.
वारा असा की पुडी दोघींनी धरायची.
मांसावर गोड कूट! आईला सांगितलं असतं
तर तिनं फोनच ठेवला असता.
माझ्या चटणीनं यू-चेनचे कान लाल झाले,
तरी तिनं कागद चाटला.
परतताना हात तीनदा धुतले, दात घासले, कोट बदलले,
दुधावरून उतरलेल्या मांजरींसारख्या.

फर्गस ओट्याशी चहा घेऊन बसलेला.
"बाकावर होतात ना?"
आम्ही गप्प.
"रागावलो नाही. मला फक्त सांगा, चव कशी असते?
आजवर सगळ्यांनी ते किती वाईट एवढंच सांगितलं."

यू-चेन म्हणाली, श्यांग.
मी म्हणाले, खमंग.
"कमंग," तो म्हणाला, आणि वाट बघत बसला.

आता खमंग कसं सांगू?
म्हटलं, कढई नुसती तापलीय,
पहिला दाणा तडकलाय,
आणि बाहेर कुणीतरी चप्पल काढता काढता थांबलंय.
"हा तर वास झाला," तो म्हणाला.
बरोबर होतं त्याचं.
त्यापुढचं मला येत नव्हतं,
आणि त्यापुढचंच त्याला हवं होतं.

एकादशीला मी खिचडी केली.
फोनवर आई: कूट घातलंस ना भरपूर?
हो, म्हटलं.
फर्गसनं तीन चमचे खाल्ले, दाढेखाली घोळवले.
"हे असंच लागतं?"
नाही, मी म्हटलं,
आणि त्याला आणखी वाढली.